फरशी आणि अंबिकेचे ससे

१८ डिसेंबर

आज दुपारी अंबिका माहेरी आली. रिक्षातून उतरली तेव्हा खांद्याला एक बॅग आणि हातात भाजीवाल्यांकडं असतो तसला प्लास्टिकचा क्रेट. वरून ओढणी बांधलेली. मला वाटलं, आईसाठी झाडंबिडं आणली असतील. ओढणी सोडली तर आत दोन ससे. पांढरा तो कापूस आणि करडा, गोलमटोल तो ढब्बू. कापूस पुढच्या एका पायानं लंगडतो. "सोफ्यावरून पडला होता," अंबिका म्हणाली.

फ्लॅटला रंग द्यायचाय म्हणून थोडे दिवस इकडं आली म्हणे. जावई मुकुंदराव कंपनीच्या कामात, चितेगावला जायचं यायचं, त्यांना रंगाच्या वासाचा त्रास नको म्हणून ते मित्राकडं राहणार. मी विचारलं, कोणता रंग देताय? ती म्हणाली, पांढरा. त्याच वेळी कुमुद स्वयंपाकघरातून म्हणाली, मोतिया. म्हणलं, ठरवा आधी दोघी मिळून.

संध्याकाळी हॉलमध्ये पाय ठेवला तर पायमोजा ओला. फरशीवर छोटं थारोळं. अंबिका फडकं घेऊन धावत आली. मी काही बोललो नाही. पहिला दिवस आहे.

२० डिसेंबर

बोलावंच लागेल असं दिसतंय.

सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यातली निम्मी पैठणच्या सरकारी क्वार्टरमध्ये. तिथली फरशी म्हणजे उखडलेला कोबा. कुमुद दर पावसाळ्यात त्यातली गांडुळं वेचून बाहेर टाकायची. रिटायर झाल्यावर पडेगावला हे रो-हाऊस घेतलं आणि एकच हौस केली, हॉलला पांढरा संगमरवर. सकाळी ऊन आलं की खोली उजळून निघते. त्या संगमरवरावर आता रोज सकाळी लेंड्या. आणि नुसतं घाण करणं नव्हे. ढब्बू सोफ्याच्या पायाला हनुवटी घासतो, मग देवघराच्या चौकटीला, मग वळून पिचकारी मारतो. एकदा माझ्या पायाभोवती गोल फिरला आणि पायजम्यावरच मारली.

फिरायला जायला उठतो तेव्हा अंबिका आधीच उठून फरशी पुसत असते. गुडघ्यांवर बसून, कोपरान् कोपरा. म्हणलं, अगं सारजाबाई येईल, ती पुशील. "नको बाबा, झालंच." पोर कामाला वाघीण आहे, हे मानलं पाहिजे. पण पाणी किती जातं! आठवड्यानं एकदा नळ येतो आपल्याकडं, आणि इथं रोज दोन दोन बादल्या फरशीवर.

सारजाबाई नाकाला पदर लावून म्हणाली, "साहेब, लई वास मारतंय. शेळ्या बऱ्या यापेक्षा."

२४ डिसेंबर

माझ्या हातून आज घोटाळा झाला. मोबाईलवर पाहिलं होतं की सशाच्या मुताचा वास व्हिनेगारनं जातो. दोघी मंडईत गेल्या होत्या. बाटली आणली, सगळ्या डागांवर ओतली आणि जरा मुरू दिली. पुसलं तर वास गेला, पण फरशीची चमकही गेली. जिथं जिथं ओतलं तिथं पांढरट, खरखरीत चट्टे. पॉलिशवाल्याला फोन केला तर तो हसायला लागला. संगमरवरावर आंबट काही टाकतात का साहेब, म्हणाला.

सशांनी केलं नव्हतं एवढं नुकसान मी एका दुपारीत केलं.

वाईट एवढंच झालं की अंबिका परत आली तेव्हा मी रागातच होतो. तिनं ते चट्टे पाहिले आणि एकदम म्हणाली, "बाबा, सॉरी, माझ्यामुळं झालं." म्हणलं, तुझ्यामुळं कसं? बाटली मी ओतली. पण ती ऐकेना. दोनदा, तीनदा सॉरी म्हणाली. शेवटी कुमुदनं तिला आत नेलं. बराच वेळ आतून हळू आवाजात बोलणं चाललं होतं. मी गेलो तर थांबल्या.

२७ डिसेंबर

सशांना घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडं गेलो. कुत्र्या-मांजरांच्या गर्दीत आमचा क्रेट. डॉक्टरीणबाई तरुण आहेत पण नीट समजावून सांगतात. म्हणाल्या, दोघं नर आहेत, वयात आलेत. शिवाय जागा बदललीय. ही जागा आपली आहे का, इथं आपल्याला राहू देणार का, हे कळत नाही तोवर ते असं करणार. रागावू नका, ओरडू नका. ओरडलं की जास्त करतात.

इलाज असा सांगितला: आधी एकच कोपरा द्यायचा, खाली मेणकापड. एका पसरट भांड्यात वाळलेलं गवत भरून तिथंच ठेवायचं, कारण ससा खाता खाताच घाण करतो. पुसलेला कागद त्याच भांड्यात टाकायचा म्हणजे वासानं त्यांना जागा कळते. जमायला लागलं की हळूहळू कोपरा वाढवायचा. संगमरवराला फक्त पाणी आणि साधा साबण. आणि दोघांची नसबंदी. तिचाही परिणाम लगेच नाही, काही आठवडे लागतात. ऑपरेशनची तारीख दोन फेब्रुवारीची मिळाली. मी विचारलं, तोपर्यंत फ्लॅटचा रंग होणार नाही का? अंबिका क्रेटवर ओढणी बांधत होती.

डॉक्टरीणबाईंनी कापसाचा पाय दाबून पाहिला. "हा पडून मोडल्यासारखा वाटत नाही. बाहेरून काही लागलंय का?" अंबिका म्हणाली, "दारात सापडला होता." मला आपलं आठवत होतं की ती सोफा म्हणाली होती. असेल. मीही हल्ली गोष्टी विसरतो.

३१ डिसेंबर

जिन्याखालच्या कोपऱ्यात सशांचं घर केलं. माळ्यावरून बांधकामाच्या वेळचं घमेलं काढलं, घासलं, त्यात गवत भरलं. पुढं जुन्या खिडकीची जाळी आडवी लावली. हिरवा चारा आणायला रोज चौकात जातो. तिथला चारावाला पहिल्याच दिवशी म्हणाला, "क्या चाचा, बकरी पाले क्या?" म्हणलं, "बेटी के खरगोश." तेव्हापासून मला बघितलं की लसूणघासाची कोवळी जुडी बाजूला काढून ठेवतो.

कापूस शहाणा आहे. दुसऱ्याच दिवशी घमेल्यात बसून खायला आणि बाकीचं करायला लागला. ढब्बू घमेल्याबाहेर बसून तोंड तेवढं आत घालतो. म्हणजे खाणं घमेल्यात आणि उरलेलं मेणकापडावर. तरी हॉल कोरडा आहे, हे काही कमी नाही.

मुकुंदरावांचा फोन आला होता. माणूस बोलायला फार चांगला. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, नवीन वर्षाच्या शुभेच्छा दिल्या. मग म्हणाले, "बाबा, अंबिका जरा हट्टी आहे. माझे फोन घेत नाही. तुम्ही समजवा तिला, तुमचं ऐकेल." मी तिला सांगितलं, अगं, नवरा आहे, फोन तरी घे. ती हो म्हणाली. मग न्हाणीघरात गेली आणि खूप वेळ पाणी सोडून बसली. पाणी किती मोलाचं आहे हे या घरात मलाच कळतं.

६ जानेवारी

फार थकलोय. लिहावंसंही वाटत नाही, पण लिहितो.

जाळी पडली, की अंबिकेनं मोकळं सोडलं, कोण जाणे. सकाळी फिरून आलो तर ढब्बू हॉलच्या मधोमध. भिंतीच्या कडेनं सगळीकडं पिचकाऱ्या, सोफ्याचा पाय ओला, आणि कुमुदनं संक्रांतीसाठी इस्त्री करून ठेवलेल्या साड्यांवरही. माझा तोल सुटला. मोठ्यानं ओरडलो, पेपरची गुंडाळी करून जमिनीवर आपटली. सशाला मारलं नाही, मारणारही नव्हतो. ढब्बूनं मागचा पाय जमिनीवर धाडकन आपटला आणि तो सोफ्याखाली पळाला.

अंबिका स्वयंपाकघरातून आली ती थेट गुडघ्यांवर बसली. हातात फडकंही नव्हतं, ओढणीनंच पुसायला लागली. "चुकलं. चुकलं. परत नाही होणार. मी आत्ता करते. तुम्ही बसा, मी आत्ता करते." हे सगळं खाली बघून, भराभर, एका सुरात. हा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. लहानपणी हीच पोरगी माझ्याशी वाद घालताना खुर्चीवर उभी राहायची, उंची पुरत नाही म्हणून.

मी म्हणलं, ऊठ. ती उठेना. मग मीच बाहेर अंगणात जाऊन बसलो. कुमुद चहा द्यायला आली नाही. कप खिडकीत ठेवून आत गेली.

मी एवढा वाईट ओरडलो का? पेपर तर जमिनीवर आपटला.

१७ जानेवारी

कुमुदनं हळदीकुंकू उरकून घेतलं. माझ्या मते या वर्षी राहू द्यायचं होतं. हॉलमध्ये सतरंज्या घातल्या, चट्टे झाकले, ससे गच्चीवर नेऊन ठेवले, उदबत्त्यांचा नुसता धूर. तरी शेजारच्या सरूबाई दारातच म्हणाल्या, "काय हो, मांजर पाळलंय का?"

मी आत खोलीत बसलो होतो, पण बायकांचं बोलणं ऐकू येतं. एकीनं अंबिकेला विचारलं, "पहिलं हळदीकुंकू सासरी केलंस, यंदा इकडंच का गं?" दुसरी म्हणाली, "काही गोड बातमी असंल." हसल्या. अंबिकेचं उत्तर ऐकू आलं नाही. मग कुमुदचा आवाज आला, "तिळगूळ घ्या आधी. गोड बोलायचं असतं ना आज?" कुमुद अशी बोलत नाही कधी.

सगळ्या गेल्यावर मी म्हणलं, लोकांना काय सांगायचं एकदा ठरवा, रंग किती दिवस चालतो? कुमुद सतरंज्या गोळा करत होती. म्हणाली, "अहो, उचला जरा ते टोक." मी टोक उचललं.

२१ जानेवारी

हे आज लिहून ठेवलंच पाहिजे, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळी मुकुंदराव न सांगता आले. पेढ्यांचा बॉक्स, माझ्यासाठी गुडघ्याला लावायचं तेल. मला बरंच वाटलं. म्हणलं, रंग झाला का? ते जरा थांबले, मग म्हणाले, "हो हो, झालं सगळं. न्यायलाच आलोय." अंबिका आतून बाहेर येईना. कुमुद कधी नव्हे ती पाहुण्यांना पाणी न देता दारात उभी. मीच हाक मारली, अंबिका, चहा आण गं. माझ्याच तोंडानं मारली.

ती ट्रे घेऊन आली. तेवढ्यात ढब्बू जाळीच्या कडेनं सटकला. आला, मुकुंदरावांच्या पायाभोवती एक फेरी मारली आणि पायमोज्यावर पिचकारी. मला हसूच येणार होतं.

मुकुंदरावांचा पाय वर गेला. विचार करून उचललेला नव्हता तो. सवयीनं गेला, नेमका, सशाच्या उंचीला. ढब्बू आधीच पळाला होता. पाय हवेतच राहिला. पण मी सशाकडं बघत नव्हतो. अंबिकेनं ट्रे सोडून दिला होता आणि कोपर स्वतःच्या तोंडापुढं धरलं होतं. डोळे मिटलेले. कपबशा फुटल्या, चहा सगळीकडं झाला, तरी ती तशीच उभी. कुणी तिच्या अंगावर हात उगारला नव्हता. तिला तो येणार हे माहीत होतं.

मुकुंदराव हसले. "अगं, काय हे? बाबांची फरशी!"

तशी ती खाली बसली. "चुकलं, चुकलं, मी आत्ता..." पुन्हा तोच आवाज. आणि मला कळलं की सहा तारखेला तो आवाज मला उद्देशून नव्हताच. आणि होताही.

मी उठलो. गुडघा दुखतो याचं भान नव्हतं. तिला दंडाला धरून उठवलं. म्हणलं, "राहू दे. आत जा." मग त्यांना म्हणलं, "मुकुंदराव, तुम्ही निघा."

"म्हणजे?"

"अंबिका इथंच राहणार आहे."

"बाबा, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. सशाच्या मागं लागून डोक्यावर परिणाम झालाय तिच्या. तिलाच विचारा ना, यायचंय का नाही." आणि तिच्याकडं बघितलं. आवाज मऊ होता, नजर नव्हती.

अंबिका आत गेली नव्हती. भिंतीला टेकून उभी. मला भीती वाटली की ती हो म्हणेल.

कुमुद दारातून पुढं आली. "तिनं मला सगळं सांगितलंय. हाताचं काय झालं ते, सशाच्या पायाचं काय झालं ते. तुम्हाला ऐकायचं असलं तर सरूबाईंना बोलावते, त्यांच्या देखत बोलू."

"घरातल्या गोष्टी घरात ठेवाव्यात, आई."

"म्हणूनच महिनाभर ठेवल्या," कुमुद म्हणाली.

तेव्हा अंबिका म्हणाली, "मला यायचं नाहीये." अगदी हळू. पण आम्हा तिघांना ऐकू आलं.

ते गेले. फाटक जोरात आपटलं. चहा फरशीवर तसाच होता. त्यातून चालत मी दाराला कडी घातली आणि ओल्या पावलांनी परत आलो. पुसायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

२२ जानेवारी

रंगबिंग काही नव्हताच. एवढ्या दिवसांत तो रंग बघायला जावं असं माझ्या एकदाही मनात आलं नाही.

कुमुदला विचारलं, मला का नाही सांगितलं? ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुम्ही सकाळ-संध्याकाळ फरशीबद्दल बोलत होतात. हे मधी कुठं घालू?"

मीही देठ निवडायला घेतले.

२८ जानेवारी

फोन चालू आहेत. मुकुंदरावांचे काका तात्यासाहेब यांचा आज आला. वडीलधारा माणूस, गोड भाषा. चार माणसांत बसून मिटवू, पोरांचं काय, भांड्याला भांडं लागतंच. मी म्हणलं, "तात्यासाहेब, बसायचं तर वकिलांपुढं बसू." आयुष्यात कुणाशी असं बोललो नाही. वरिष्ठांशी तर नाहीच.

अंबिकेला घेऊन वकीलबाईंकडं जाऊन आलो. मी बाहेर बाकावर बसलो. ती बाहेर आली तेव्हा चेहरा सुजलेला होता. रिक्षात म्हणाली, "कापसाला मारलं त्या दिवशी मी मधी गेले होते. तेव्हा मनगट मोडलं. मी तुम्हाला बाथरूममध्ये घसरले म्हणून सांगितलं होतं." मला आठवलं. मी फोनवर तिला सांगितलं होतं, न्हाणीघरात रबरी चटई टाकून घे.

रात्री झोप नाही. दिवसा गुंगी. कुमुदचंही तेच. आमचं वय झालंय हे सगळं करायला, पण करणार कोण दुसरं.

२ फेब्रुवारी

दोन्ही सशांचं ऑपरेशन झालं. सशाला उपाशी ठेवायचं नसतं, म्हणून शेवटपर्यंत चारा खाऊ घालायला सांगितला होता. दवाखान्यात अंबिका क्रेटमध्ये हात घालून बसली होती. आत नेल्यावर मोकळ्या क्रेटमध्येही हात तसाच. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन दोघं ठीक आहेत म्हणाल्या तेव्हा ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आमच्यासमोर रडली. मी तिला माझा रुमाल दिला. त्यालाही सशाचा वास येत होता.

आता टाके ओले होऊ द्यायचे नाहीत, खाली मऊ कोरडं काही हवं. घरी येऊन कुमुदनं कपाटातली जुनी सुती लुगडी काढली आणि हॉलमध्येच अंथरली. जिन्याखाली गार वारा येतो म्हणे. मला खरं म्हणजे चांगलंच वाटलं.

९ फेब्रुवारी

ढब्बू अजून पिचकारी मारतो, पण कमी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धीर धरा. धरतोय. पॉलिशवाला येऊन चट्टे बघून गेला. म्हणाला, घासून काढतो. त्याला म्हणलं, एवढ्यात नको, आजारी माणसं झोपलीत हॉलमध्ये. तो इकडं तिकडं बघायला लागला.

आज नळाला पाणी आलं. टाकी भरली, पिंप भरलं, आणि बऱ्याच दिवसांनी वाटलं, आपणही हातभार लावावा. अंबिका आंघोळीला गेलेली. बादलीत साबण घालून हॉलची फरशी पुसायला घेतली. सोफ्यापासून सुरुवात केली, कापूस बसला होता तिथपर्यंत आलो. तो हलेना, म्हणून त्याच्या अवतीभवतीनं पुसलं. पाणी जरा जास्त झालं असेल. त्याच्या खालच्या लुगड्याचं टोक भिजलं.

अंबिका केस पुसत बाहेर आली आणि बघून किंचाळलीच. "बाबा! डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? टाके आहेत त्याला! किती वेळा सांगायचं, कोरडं ठेवा, कोरडं ठेवा! द्या ते इकडं. बादली उचला आधी. आणि तिथंच उभं राहू नका, दुसरं लुगडं आणा!"

केवढा आवाज तो. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेला असेल. कुमुद पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, जरा जोरात.

मी बादली उचलली आणि लुगडं आणायला गेलो.